गणित आणि वेध
विद्यापीठातील मुले आणि बोलके यंत्र

उज्जैनीतल्या मराठी घरांतून हल्ली एक प्रश्न वरचेवर ऐकू येतो. चिरंजीव विद्यापीठात शिकत आहेत, परीक्षा तोंडावर आली आहे, आणि पुस्तक मिटून ते मोबाइलच्या पडद्यावर कोणाशी तरी प्रश्नोत्तरे करीत बसले आहेत. आजोबा चष्मा वर करून विचारतात, "अरे, अभ्यास तू करतो आहेस की तो?" चिरंजीव हसतात आणि उत्तर द्यायचे टाळतात. हा जो 'तो' आहे, त्यालाच आजच्या भाषेत कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. त्याच्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. पण ज्या मुलांच्या हातात तो चोवीस तास आहे, त्यांची त्याच्याविषयी समजूत काय आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही. तेवढेच पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रस्तुत लेखक यंत्रशास्त्रज्ञ नाही, हे आधीच सांगून टाकतो. संगीत शिकवणे हा माझा व्यवसाय. वडील संस्थानी दरबारचे गवई होते. म्हणजे वयाच्या चौदाव्या वर्षी ते दरबारात तानपुऱ्याच्या साथीला बसले, आणि पुरती दोन वर्षे झाली नाहीत तोच १९४८ साली संस्थानच विलीन झाले. पुढचे सारे आयुष्य त्यांनी शिकवण्या करून काढले. मी त्यांचे शेंडेफळ. विद्येचा आश्रय एका वर्षात कसा नाहीसा होतो, आणि आश्रय गेला तरी विद्या कशी टिकवावी लागते, हे मला त्यामुळे घरीच शिकायला मिळाले. माझ्याकडे संध्याकाळी गाणे शिकायला येणारी मुलेमुली दिवसा विद्यापीठात वाणिज्य, विज्ञान, इतिहास असे विषय घेऊन बसतात. त्यांच्याशी गेली तीन वर्षे जे बोलणे होत आले, त्यावर हा लेख आधारलेला आहे. ही काही शिरगणती नव्हे. शेजारच्या मुलांचे ऐकून केलेली ही टिपणे आहेत.

शब्दाचे वय

मुलांना वाटते की कृत्रिम बुद्धिमत्ता ही कालपरवाची गोष्ट आहे. वस्तुतः ती आमच्या विद्यापीठाच्याच वयाची आहे. 'यंत्राला विचार करता येईल काय?' हा प्रश्न ॲलन ट्यूरिंग या इंग्रज गणितज्ञाने १९५० साली एका निबंधात घेतला, आणि त्याऐवजी असे पाहू या म्हणाला की पडद्याआडून लेखी उत्तरे देणारे यंत्र आहे की माणूस, हे विचारणाऱ्याला ओळखता येते की नाही. १९५५ साली जॉन मॅकार्थी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका उन्हाळी परिषदेच्या प्रस्तावात 'कृत्रिम बुद्धिमत्ता' ही संज्ञा वापरली, आणि १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात ती परिषद भरली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५७ साली, उज्जैनीत विक्रम विद्यापीठ स्थापन झाले. अलीकडेच त्याला सम्राट विक्रमादित्यांचे पूर्ण नाव देण्यात आले आहे. म्हणजे आजची मुले ज्या इमारतींत बसतात त्या इमारती आणि ज्या यंत्राला प्रश्न विचारतात ते यंत्र, दोन्हींचा पाया एकाच दशकात घातला गेला.

मधल्या काळात पुष्कळ चढउतार झाले. २०१७ साली गूगलमधील संशोधकांनी भाषेचे गणित मांडण्याची एक नवी रचना प्रसिद्ध केली, आणि तिच्या आधारावर उभे राहिलेले चॅटजीपीटी हे बोलके यंत्र ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुले झाले. त्याला इंग्रजीत विचारा, हिंदीत विचारा, मराठीत विचारा, ते उत्तर देते. तेव्हापासून विद्यापीठातला गृहपाठ पूर्वीसारखा राहिला नाही.

हे यंत्र करते तरी काय? मी माझ्या विद्यार्थ्यांना सारंगियाचा दाखला देतो. जुन्या मैफलींत गवयामागे सारंगिया बसे. गवई काय गाणार हे त्याला आधी ठाऊक नसे. पण हजारो मैफली साथीला बसून त्याच्या कानात एवढे साठलेले असे, की गवयाने दोन स्वर घेतले की तिसरा कोणता येईल, याचा त्याला अंदाज येई. बोलके यंत्र शब्दांच्या बाबतीत हेच करते. माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर त्याच्यावरून फिरवलेला असतो, आणि त्यावरून 'इथवर असे शब्द आले, तर पुढचा कोणता यावा' याचे गणित ते अखंड करीत असते. अंदाज बहुतेक वेळा सुरेख लागतो. म्हणूनच आपण चकित होतो.

पण चांगल्या सारंगियाची आणखी एक रीत होती. गवयाने एखादा अप्रचलित राग काढला आणि चलन ओळखीचे नसले, की तो गज हलका करी, कान देई आणि दोन आवर्तने मागे राही. या यंत्राला गज हलका करण्याची सवय नीटशी लागलेली नाही. ठाऊक असलेली गोष्ट आणि नुसती जुळवलेली गोष्ट ते पुष्कळदा एकाच ठसठशीत स्वरात सांगते. न लिहिलेल्या ग्रंथाचे नाव आणि न झालेल्या लढाईची तारीखदेखील ते देऊ शकते. खोटे बोलावे असा त्याचा हेतू नसतो. शब्दामागून शब्द जुळवणे हेच त्याचे काम, आणि खरे काय हे तपासण्याचे साधन त्या कामात आपोआप येत नाही.

मुलांच्या समजुती

आता मुलांकडे वळू. त्यांच्या बोलण्यातून मला मुख्यतः तीन समजुती आढळल्या.

पहिली समजूत अशी की हा एक मोठा ज्ञानकोश आहे. "गुरुजी, त्यानेच सांगितले," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्यातला 'तो' कोण, हे आता विचारीत नाही. ही मुले यंत्राच्या उत्तराला ग्रंथाचे प्रामाण्य देतात. ग्रंथाला लेखक असतो, प्रकाशक असतो, चूक निघाली तर कोणाचा कान धरावा हे ठाऊक असते. इथे तसे काही नाही, याची त्यांना खंत वाटत नाही.

दुसरी समजूत नेमकी उलट आहे. हे नुसते गणकयंत्र आहे, असे विज्ञान शाखेतली मुले म्हणतात. "बेरजेचे यंत्र आले तेव्हाही पाढे विसरतील म्हणून ओरड झाली होती ना, गुरुजी?" हा त्यांचा मुद्दा बिनतोड वाटतो, पण त्यात एक गोम आहे. बेरजेच्या यंत्रात तीच संख्या दहादा घाला, उत्तर तेच येते. या यंत्राला तोच प्रश्न दहादा विचारा, उत्तर दहा तऱ्हांनी येते आणि त्यांतली एखादी तऱ्हा चुकीची असू शकते. एकाच शब्दाने दोन्ही यंत्रे ओळखली की हा फरक झाकला जातो.

तिसरी समजूत ती मुले मोठ्याने सांगत नाहीत. रात्री उशिरा कोणी जागे नसते तेव्हा ती या यंत्राशी मनातले बोलतात. घरातली भांडणे, ठरू न शकलेले लग्न, नापास होण्याची धास्ती. एका मुलीने मला सरळ सांगितले, "ते रागावत नाही, गुरुजी." यात नवल काही नाही. १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा अगदी साधा कार्यक्रम रचला होता. समोरच्याचेच वाक्य उलटवून तो प्रश्न विचारी. त्यांच्या स्वतःच्या कार्यालयातील चिटणीसबाईंना तो कसा बनला हे ठाऊक होते, तरीही त्याच्याशी दोन वाक्ये बोलल्यावर त्यांनी वायझेनबाउम यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले. आमची मुले भोळी नाहीत. ऐकून घेणारे कोणी मिळाले की माणूस बोलू लागतो, इतकाच याचा अर्थ. घरात ऐकून घेणारे माणूस का मिळाले नाही, हा प्रश्न मात्र यंत्राला विचारून सुटणार नाही.

या तिन्ही समजुती पुष्कळदा एकाच मुलाच्या ठिकाणी नांदतात, हे विशेष. निबंध लिहिताना यंत्र ज्ञानकोश होते, मास्तरांनी हटकले की गणकयंत्र होते, आणि रात्री सखा होते.

भैरवगढचा मेणाचा तडा

गेल्या हिवाळ्यात माझ्याकडची तीन मुले विद्यापीठाच्या एका प्रकल्पासाठी भैरवगढला निघाली, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर गेलो. शिप्रेच्या काठचे भैरवगढ आपल्या वाचकांना काळभैरवाच्या देवळामुळे, सिद्धवटामुळे आणि कारागृहामुळे ठाऊक असते. पण तिथल्या गल्ल्यांतून ठशांची छपाई आणि मेणाची बाटिक करणारी घराणी राहतात. उज्जैनीच्या बाटिकला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तेव्हापासून विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचा ओघ तिकडे वळला आहे.

मुलांनी घरून तयारी करून नेली होती. यंत्राला सांगून त्यांनी भैरवगढ बाटिकच्या नमुन्याची सात-आठ चित्रे काढून घेतली होती. चित्रे देखणी होती, यात शंका नाही. गडद तांबडी जमीन, वेलबुट्टी, मोर, आणि सर्वत्र बाटिकची ती ओळखीची जाळीदार रेघ. आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्या वयस्क कारागिराने चित्रे हातात घेतली, कौतुकाने पाहिली आणि मग एका चित्रातल्या तांबड्या जमिनीवर बोट ठेवून म्हणाले, "यहाँ मोम था ही नहीं, तो दरार कहाँ से आई?"

मुलांना कळेना. मग त्यांनी कापडच दाखवले. बाटिकमध्ये जो भाग रंगापासून वाचवायचा त्यावर तापवलेले मेण चढवतात. मग कापड रंगाच्या कुंडात बुडवतात. मेणाखालचा भाग कोरा राहतो, उरलेला रंग पितो. फिक्या रंगाकडून गडद रंगाकडे असे हे टप्पे चालतात, आणि शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढून टाकतात. कापड हाताळताना मेणाला बारीक तडे जातात. शेवटच्या कुंडातला गडद रंग त्या तड्यांतून आत शिरतो आणि तीच ती जाळीदार रेघ. म्हणजे रेघ नेहमी मेण असलेल्या फिक्या भागावरच उठणार, आणि तिचा रंग गडदच असणार. यंत्राने काढलेल्या चित्रात गडद जमिनीवर फिकी रेघ होती. दिसायला सुंदर, पण तसे कापड कोणत्याही कुंडातून बाहेर येऊ शकत नाही.

परतीच्या वाटेवर मुले गप्प होती. त्यांतला एक, जो गणकयंत्राची उपमा देणाऱ्यांपैकी होता, तो अखेर म्हणाला, "त्याने कापड पाहिले आहे, कापड होताना पाहिलेले नाही." विद्यापीठातल्या मुलाने या यंत्राविषयी काढलेले इतके नेमके वाक्य मी दुसरे ऐकलेले नाही. यंत्राने झालेल्या कामाची लक्षावधी रूपे पाहिली आहेत. आधी काय, मग काय, आणि का, हा क्रम त्याच्या वाट्याला त्या रूपांतून जेवढा झिरपेल तेवढाच येतो. पुढेमागे हा तडा ते बरोबर काढील, हेही मला मान्य आहे; कोणीतरी चूक दाखवील आणि ते सुधारेल. पण चूक दाखवणारा तो कोणीतरी भैरवगढला असला पाहिजे, आणि त्याच्यानंतर त्याचा मुलगा असला पाहिजे. बाटिकचा भाव त्या चित्रांमुळे पडला आणि कुंडे विझली, तर चूक कोण दाखवणार?

भीती कोणाला आणि का

मुलांच्या मनात भीती आहे. ती मात्र वर्तमानपत्रांत लिहितात तशी, यंत्रे उठून माणसांवर राज्य करतील, अशा प्रकारची नाही. २०२४ साली ज्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले त्या जेफ्री हिंटन यांनी आदल्या वर्षी गूगल सोडून धोक्याचे इशारे द्यायला सुरुवात केली, हे मुलांनी वाचलेले असते. पण त्यांची झोप त्याने उडत नाही. त्यांची भीती घरगुती आहे. वाणिज्य शाखेतला मुलगा विचारतो, जमाखर्च यंत्राने ठेवला तर मला कोण ठेवील? भाषांतराची कामे करून फी भरणारी मुलगी सांगते की ती कामे पूर्वीसारखी येत नाहीत.

आपल्या घराण्यांनी हे जरा विचारात घेण्यासारखे आहे. राणोजी शिंद्यांच्या, मल्हारराव होळकरांच्या वेळेपासून जी मराठी कुळे माळव्यात आली, त्यांतली थोडी तलवारीवर आली आणि पुष्कळशी लेखणीवर. फडणीस, चिटणीस, पोतनीस ही आडनावे काय सांगतात? हिशेब, पत्रव्यवहार, खजिना. संस्थाने गेल्यावर हीच लेखणी कचेऱ्यांत, शाळांत, बँकांत आणि आयुर्विमा मंडळात गेली. साठीच्या दशकात विमा मंडळात संगणक आणण्याला कारकुनांनी विरोध केला होता, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. तेव्हाच्या संगणकाने बेरजा घेतल्या. मसुदा माणसाकडे राहिला. आजचे यंत्र मसुदाच लिहिते. ते प्रथम आमच्याच वतनावर आले आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

भीतीच्या जोडीला लाजही आहे. मुले यंत्राची मदत घेतात आणि ते लपवतात. याचा सारा दोष मी मुलांवर टाकणार नाही. यंत्र येण्यापूर्वी मुले काय करीत होती? बाजारात वीस प्रश्नांची कुंजी मिळत असे, ती पाठ करून पदव्या घेतल्या गेल्या. जो प्रश्न गेली दहा वर्षे तसाच विचारला जातो आणि ज्याचे उत्तर कोणी वाचीत नाही, त्याचे उत्तर यंत्राकडून लिहून घेण्यात मुलाला पाप वाटले नाही तर आश्चर्य कसले? आम्ही शिक्षकांनी प्रश्न बदलले पाहिजेत. "बाटिकविषयी माहिती लिहा" या प्रश्नाला यंत्र पुरेसे आहे. "भैरवगढला जा, एक कापड निवडा, त्यावर कोणता रंग आधी चढला आणि कोणता नंतर, हे कापड पाहून सांगा" या प्रश्नाला मुलाचे पाय आणि डोळे लागतात.

संगीताच्या लोकांना हा वाद नवा नाही. पंडित भातखंडे यांनी घराण्यांच्या चिजा मिळवून स्वरलिपीत छापल्या, आणि माधवराव शिंदे महाराजांच्या आश्रयाने १९१८ साली ग्वाल्हेरीस माधव संगीत विद्यालय निघाले, तेव्हा पुस्तक वाचून गवई होतो काय, असे पुष्कळांनी हिणवले. पुस्तक वाचून गवई झाला नाही, हे खरे. पण पुस्तकाने दडवलेल्या चिजा बाहेर आल्या, आणि गुरूचे घर ज्याला बंद होते त्याला निदान दार दिसले, हेही तितकेच खरे. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच. भूपात गंधार वादी, देशकारात धैवत. एवढे पुस्तक सांगते आणि आता यंत्रही सांगते. तो धैवत किती वेळ धरायचा म्हणजे भूप निसटून देशकार उभा राहतो, हे कंठाला कळायला वर्षे जातात. ती वर्षे वाचवण्याची सोय पुस्तकात नव्हती आणि यंत्रातही नाही. मुलांना हे गाण्याच्या बाबतीत चटकन पटते. निबंधाच्या, गणिताच्या आणि इतिहासाच्या बाबतीतही ते तसेच आहे, हे पटायला वेळ लागतो. कारण तिथे बेसूर झालेला लगेच ऐकू येत नाही.

जयसिंगांची शिकवण

मग करावे काय? याचे उत्तर आमच्या गावात शिप्रेकाठी दगडचुन्यात बांधून ठेवलेले आहे. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उज्जैनीत वेधशाळा उभारली, ती कशासाठी? जुन्या कोष्टकांवरून काढलेले ग्रहांचे स्थान आणि आकाशात दिसणारे स्थान यांत फरक पडत होता म्हणून. गणित सुंदर होते. पण आकाशाशी जुळत नव्हते. पुढे महाराष्ट्रात हाच वाद पंचांगाच्या रूपाने गाजला. गणेश दैवज्ञांच्या 'ग्रहलाघवा'वरून पिढ्यान्पिढ्या पंचांगे निघत होती. कालांतराने ती चुकू लागली, आणि लोकमान्य टिळक, व्यंकटेश बापूजी केतकर प्रभृतींनी दृक्प्रत्ययाचा आग्रह धरला. डोळ्यांना जे दिसते त्याच्याशी गणित जुळले पाहिजे, हे त्या आग्रहाचे सार. आमच्या वेधशाळेचा शिंदे सरकारच्या काळात जीर्णोद्धार झाला तेव्हा गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या मराठी ज्योतिर्विदाने तिथे वेध घेण्याचे काम पुन्हा सुरू केले.

बोलके यंत्र हे गणित आहे. अत्यंत वेगवान, अत्यंत मनोहर गणित. वेध मात्र आपणच घ्यायचा आहे. मी माझ्या मुलांना तीन साधे नियम सांगतो. यंत्राला विचारण्यापूर्वी स्वतःचे उत्तर चार ओळींत लिहून ठेवावे, म्हणजे आपण कोठे होतो हे कळते. यंत्राने दिलेल्या उत्तरातली एक तरी गोष्ट मूळ ग्रंथात, माणसाकडे किंवा वस्तूपाशी जाऊन पडताळावी. आणि जे पडताळता येत नाही, ते आपल्या नावावर खपवू नये.

वेधशाळेत आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. सम्राट यंत्राची सावली पाहून मुले हमखास म्हणतात, "हे चुकले आहे." कारण मोबाइलवरची वेळ आणि सावलीची वेळ यांत अर्ध्या तासाच्या आसपास अंतर असते. चूक कोणाचीच नाही. मोबाइल भारताची प्रमाणवेळ दाखवतो, ती साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरची. उज्जैन पावणेशहात्तर अंशांच्या जवळ आहे, म्हणून आमचा सूर्य सरासरीने सुमारे २७ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, आणि ऋतूप्रमाणे त्यात काही मिनिटांची भर किंवा घट होते. प्रमाणवेळ व्यवहाराला हवी. पण आपल्या डोक्यावरचा सूर्य कोणता, हे विसरून चालत नाही.

भाषेचेही तसेच आहे. एका विद्यार्थिनीने आपल्या आजीच्या आठवणी लिहून घेतल्या आणि नीटनेटक्या करण्यासाठी यंत्राकडे दिल्या. आजी माळव्याची, ती "मी सैपाक करून राहिले होते" असे म्हणणार. यंत्राने ते "मी स्वयंपाक करत होते" असे करून दिले. सबंध मजकूर असाच धुऊन निघाला. आजीला वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "छान आहे गं, पण हे कोणाचं आहे?" यंत्राचा राग मानू नये, त्याने जे वाचले त्यात इंग्रजी अतोनात, मराठी थोडे, आणि त्या थोड्यात आमचे माळवी वळणाचे मराठी जवळजवळ नाहीच. कारण ते आपण लिहिलेच नाही. जवळजवळ तीनशे वर्षे जी मराठी या मुलखात बोलली गेली, तिची प्रमाणवेळ करून टाकायची की तिची सावली टिपून ठेवायची, हे यंत्र ठरवणार नाही. ज्यांच्या घरात अजून आजी आहे, ती मुले ठरवतील.

जपण्यासारखे आणि नाकारण्यासारखे

यंत्राला सरसकट शिव्या देणे मला प्रशस्त वाटत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर मोडी कागदांची बासने आहेत, आणि ती वाचणारा घरात कोणी उरलेला नाही. २०२५ साली रुडकीच्या आय. आय. टी. तील संशोधकांनी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या सहकार्याने मोडीतून देवनागरीत लिप्यंतर करणारी यंत्रणा तयार केली. त्यासाठी तज्ज्ञांनी वाचलेल्या दोन हजारांवर मोडी प्रतिमा त्यांनी गोळा केल्या होत्या. हा या विद्येचा सत्कारणी उपयोग आहे. पण इथेही आधी तज्ज्ञांनी वाचले, मग यंत्र शिकले. विद्यापीठातल्या चार मुलांनी मोडी शिकून घेतली, तर यंत्राने वाचलेल्या सनदेतला चुकलेला आकडा त्यांना दिसेल. एरवी जमिनीचे बिघे कोणाचे कोणाला जातील, सांगता येत नाही.

आणि एक प्रस्ताव माझ्याकडेच आला होता, तोही सांगतो. वडिलांच्या गाण्याच्या काही जुन्या ध्वनिफिती माझ्याजवळ आहेत. खरखर इतकी की आवाज धुक्यातून आल्यासारखा वाटतो. माझ्या एका विद्यार्थ्याने यंत्राच्या साहाय्याने ती खरखर काढून दिली. वीस वर्षांनी मला वडिलांचा श्वास ऐकू आला. त्या मुलाचे उपकार मी विसरणार नाही. मग तो उत्साहाने म्हणाला, "गुरुजी, आता त्यांच्या आवाजात एखादा नवा राग गाऊन घेऊ या. आवाज अगदी तोच येईल."

त्याचा हेतू प्रेमळ होता. असे प्रयोग जगात होतही आहेत. २०२४ च्या आरंभी ए. आर. रहमान यांनी दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राने उभे करून एका तमिळ चित्रपटगीतात वापरले, आणि त्यासाठी कुटुंबीयांची संमती घेऊन मोबदला दिल्याचे जाहीर केले. उलट संमतीवाचून आवाजाची नक्कल होते म्हणून आशा भोसले यांना २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले, आणि न्यायालयाने त्यांना संरक्षण दिले. तेव्हा संमतीचा प्रश्न मोठा आहेच. पण संमती द्यायला मी मोकळा असताना मी नाही म्हटले, याचे कारण वेगळे होते. वडिलांनी एखादी जागा घेतली, तिच्याइतकीच न घेतलेली जागाही त्यांची होती. कुठे थांबायचे, कोणती तान गळ्यात तयार असून सोडायची, हे त्यांनी मरेपर्यंत स्वतः ठरवले. ज्याने काही ठरवलेले नाही ते गाणे त्यांच्या आवाजात ऐकून मला त्यांची आठवण आली असती. आणि हळूहळू खरी कोणती, रचलेली कोणती, हे मीच विसरलो असतो.

मुलाने ऐकून घेतले. त्याला ते पूर्ण पटले असे मी म्हणणार नाही. "पण लोकांना फरक कळणार नाही, गुरुजी," तो म्हणाला. फरक कळणारी माणसे तयार करणे हेच तर विद्यापीठाचे काम, आणि माझ्या छोट्या वर्गाचेही, असे मी त्याला सांगितले. फरक कळणाऱ्यांची संख्या कमी झाली म्हणून फरक नाहीसा होत नाही. भैरवगढच्या त्या वृद्ध कारागिराला तो एका बोटाने दाखवता आला.

वाचकांना, विशेषतः घरातल्या वडीलधाऱ्यांना, एक विनंती करून हे लिखाण संपवतो. नातवाच्या हातातला मोबाइल काढून घेऊ नका. ते आता होणारही नाही. त्याच्याशेजारी बसा आणि यंत्राला तुम्हाला पक्के ठाऊक असलेली एखादी गोष्ट विचारायला सांगा. घरातल्या कुळाचाराची, गल्लीच्या नावाची, चकलीच्या भाजणीची, एखाद्या चिजेची. उत्तर कोठे बरोबर आले आणि कोठे घसरले, ते त्याला दाखवा. एवढ्याने त्या मुलाला यंत्राची मर्यादा कळेल, तुम्हाला यंत्राची ताकद कळेल, आणि जी गोष्ट तुम्ही आजवर कोणाला सांगितली नव्हती, ती त्या निमित्ताने त्याच्या कानावर पडेल.